ठोकून पाहणारा माणूस

"शैला, मागे सरक. भुसा डोळ्यांत जाईल," प्रबोध म्हणाला आणि त्यानं करवतीचं बटण दाबलं.

मी डबा घेऊन तुआसच्या बोटदुरुस्तीच्या यार्डात उभी होते. एरवी मी त्या उन्हात पाऊल ठेवत नाही. चोआ चू कांगच्या घरून जुरोंग ईस्ट, तिथे गाडी बदलून पार शेवटचं स्टेशन, पुढे बस. पोळ्या पोचेपर्यंत त्यांचं चामडं होतं. पण त्या शनिवारी मला घरात बसवेना. प्रबोध कापत होता त्या बोटीच्या मागच्या फळीवर आमचं सिंगापूरमधलं राहणं अवलंबून होतं.

माझ्या नवऱ्याचं काम मला इतक्या वर्षांनी आत्ता कुठे कळलंय, तेव्हा सांगूनच टाकते. या जुन्या मोटरबोटींचं इंजिन आत असतं, आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागच्या फळीतून बाहेर लोंबतो. तो झिजला की नवा लागतो. तोवर कंपनीनं जुनं मॉडेल बंद केलेलं असतं आणि नव्याची भोकं जुन्या फळीशी जुळत नाहीत. मग प्रबोध मध्ये बसेल अशी प्लेट बनवतो, फळी नव्या मापानं कापतो आणि दोघांचं जमवून देतो.

"म्हणजे तू बोटींची लग्नं लावतोस," मी म्हणायचे.

"लग्नात एवढी मापं घेत नाहीत," तो म्हणायचा. हसायचासुद्धा नाही मेला.

हल्ली हे काम आटत चाललं होतं. लोक सरळ नवीन बोट घेतात. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा अर्ज तीनदा नाकारला गेला, म्हणजे सगळा भरवसा प्रबोधच्या नोकरीच्या पासवर. त्याचे मालक मिस्टर लिम यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की एका फिशिंग क्लबकडे अशा जुन्या बोटींची रांगच आहे. ही पहिली जमली तर बाकीच्या येतील, आणि त्या आल्या तरच पास पुढे चालू राहील.

"प्रबोध आह, कॅन ऑर नॉट?" त्यांनी विचारलं होतं.

"कॅन," प्रबोध म्हणाला. तेवढ्या शब्दावर नवा ड्राइव्ह मागवला गेला.

आता या माणसाची एक खोड. तो ठोकून पाहिल्याशिवाय कशालाच हात लावत नाही. या फळीला आतबाहेर फायबर असतं आणि मध्ये लाकूड. लाकूड सुकं असलं तर आवाज टणटणीत येतो, आत पाणी मुरलं असलं तर भद्द. बोटींचं ठीक आहे हो, पण भाड्याचा फ्लॅट बघायला गेलो तेव्हा यानं स्वयंपाकघराचं दार ठोकलं. आत कुणी आहे की काय म्हणून एजंट बिचारा वाट बघत थांबला! बाजारात कलिंगडं ठोकत सुटतो. फळवाली आंटी दर रविवारी ओरडते आणि तिथे मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं होतं.

करवत थांबली. प्रबोधनं कापलेला तुकडा काढला आणि भोकात हात घातला. मुठीत चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं काहीतरी आलं. त्यानं मूठ आवळली. पाण्याचा ओघळ थेट कोपरापर्यंत आला.

"हे काय?" मी विचारलं.

"लाकूड."

"प्रबोध, तू आधी ठोकून नव्हतं पाहिलंस?"

त्यानं करवतीची वायर गुंडाळायला घेतली.

"नाही."

"तू? तू नाही पाहिलंस?"

"ठोकलं असतं तर कळलं असतं ना, शैला. मग 'कॅन' म्हणता आलं नसतं."

ओल्या टॉवेलवरून त्याच्याशी अर्धा तास भांडणारी बाई मी. पण तेव्हा मी डबा खाली ठेवला आणि वायरचं दुसरं टोक धरलं.

मिस्टर लिम आले. भोकात डोकावले. "आय्या, प्रबोध," एवढंच म्हणाले. पूर्ण फळी नवी करायची तर बोटीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च. क्लबनं फोनवरच नकार दिला, आणि बाकीच्या बोटीही राहू द्या म्हणून सांगितलं. लिम ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ईट फर्स्ट ला. युवर वाइफ ब्रिंग लंच." आम्ही सावलीत बसून बटाट्याची भाजी आणि त्या चामड्याच्या पोळ्या खाल्ल्या.

पास संपणार हे त्याच संध्याकाळी ठरलं. आमची गार्गी इथेच जन्मली, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती स्टुडंट पासवर एकटी राहणार, एका मैत्रिणीकडे खोली घेऊन. आम्ही दोघं पुण्याला जाणार. तिथे प्रबोधच्या हातातल्या कलेचं करायचं काय? पुण्यात कुठला समुद्र?

"डोन्ट वरी ला, बाबा. आय कॅन मॅनेज," गार्गी म्हणाली. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. तिला वाटलं, आम्हाला ऐकू येत नाही.

शेवटच्या आठवड्यात प्रबोध रोज यार्डात जायचा. कापलेलं भोक त्यानं बुजवलं, घासलं, त्यावर रंगाचे दोन हात दिले. बोट तर भंगारातच जायची होती. "फॉर वॉट?" लिमनी विचारलं.

"बोट अशी उघडी टाकायची नसते," तो मला म्हणाला. लिमना त्यानं काय उत्तर दिलं कोण जाणे.

रविवारी बाजारात गेलो. प्रबोधनं हाताशी आलेलं पहिलं कलिंगड उचललं आणि सरळ पिशवीत टाकलं. आंटी त्याच्याकडे बघतच राहिली.

"अंकल, टुडे नो नॉक?"

त्यानं पैसे दिले. मला ते सहन होईना. रस्त्यात थांबून मी पिशवीतून कलिंगड काढलं, कानाशी धरलं आणि बोटांनी ठोकलं. आवाज आला. पुन्हा ठोकलं. मला कुठला कळायला!

"ऐक ना रे. कसं आहे?" मी ते त्याच्यापुढे धरलं.

त्यानं ते माझ्या हातातून घेतलं आणि परत पिशवीत ठेवलं.

"कापल्यावर कळेल," तो म्हणाला.