दुसरी तपासणी

मी एक पाना बोलतोय. घरात नळ-बिळ दुरुस्त करायला ठेवतात तसला नव्हे, विमानाचा. हँगरमध्ये मला टॉर्क रेंच म्हणतात. नट किती घट्ट व्हायला हवा ते माझी मूठ फिरवून आधी ठरवायचं आणि मग आवळायला लागायचं. ठरल्याएवढा घट्ट झाला की मी 'टक्' म्हणतो. टक् म्हणजे बास, आता थांब. जन्मभर मी हा एकच शब्द बोललो, तेव्हा आज एवढं बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचं अंग आणि पोटात एक स्प्रिंग. तिथल्या एका बाईने मला यंत्राला जोडून पुन्हापुन्हा टक् म्हणायला लावलं आणि माझा शब्द खरा निघाला तेव्हाच पेटीत घातलं. मग प्रवास करून मी एका हँगरमध्ये आलो. तिथे हत्यारांचे खण होते. प्रत्येक खणात जाड काळा फोम, आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खड्डा कोरलेला. संध्याकाळी सगळे खड्डे भरलेले दिसल्याशिवाय विमान जागचं हलत नसे, कारण हरवलेलं हत्यार विमानाच्या पोटातही असू शकतं. एकदा एक स्क्रू-ड्रायव्हर सापडेना. सगळ्यांनी अख्खं विमान उलटंपालटं केलं आणि तो निघाला फिटरच्याच मागच्या खिशात. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

मला सगळ्यात जास्त वापरलं ते दोघांनी. दोघं एकाच वेळी शिकाऊ म्हणून आलेले. एकाला नियम पाढ्यांसारखे पाठ, म्हणून त्याचं नाव पडलं मास्तर. दुसरा नाक टेकेपर्यंत वाकून बघायचा आणि केसाएवढी चीरही शोधून काढायचा, म्हणून तो भिंग. मास्तर एकटा राहायचा, म्हणून भिंग त्याला जेवायला घरी न्यायचा. घरी भिंगाची मोठी बहीण होती. जेवणं वाढत गेली आणि मास्तर भिंगाचा भावोजी झाला. हँगरमध्ये मात्र दोघं एकमेकांना अरेतुरेच करत राहिले.

आमच्याकडे एक रीत आहे, ती सांगायलाच हवी. ज्या भागावर विमानाचा जीव अवलंबून आहे, तिथे काम केलेल्या माणसाने आपलंच काम तपासायचं नाही. दुसऱ्याने येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हात लावून बघायचं आणि मगच सही करायची. आपला तो बाब्या ही माणसांची जुनी खोड. स्वतःच्या कामातलं वैगुण्य सहसा कुणाला दिसत नाही. मास्तराने केलेलं भिंग बघायचा आणि भिंगाने केलेलं मास्तर. वर्षानुवर्षं हे असंच चाललं, आणि कधी काही निघालं नाही.

पुढे माझी स्प्रिंग थकली. दर वर्षीच्या तपासणीत मी ठरल्याआधीच टक् म्हणू लागलो. उतावळ्या पान्याचा काय उपयोग? त्यांनी मला लाल चिठ्ठी बांधली आणि भंगारात काढलं. मास्तराने रीतसर परवानगी घेऊन मला घरी आणलं. तेव्हापासून मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून बसलेला असतो.

हे कागद होते नियमांचे. हँगरच्या जुन्या मॅनेजरसाहेबांचं हृदय कुरकुरायला लागलं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना घरी बसायला सांगितलं होतं. विमानांच्या देखभालीचा मॅनेजर कंपनीने नुसता नेमून भागत नाही. सरकारच्या नियामक खात्याचे अधिकारी त्याला समोर बसवून पारखतात आणि पसंत पडला तरच तो मॅनेजर. पसंत पडला नाही, तर हँगरचा परवानाच थांबणार. कंपनी लहान होती. मास्तराचं नाव पुढे गेलं होतं आणि त्याच्या मागे सगळ्यांच्या चुली होत्या.

मग घरातच मुलाखतीची तालीम सुरू झाली. बायको टेबलापलीकडे चष्मा लावून बसायची आणि अधिकारी व्हायची. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. रोज रात्री ब्रश करता का, असं विचारलं की जो तो हो म्हणतो, त्यामुळे खोटं बोलणारा चेहरा तिला लांबूनच ओळखू येतो. विमानातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं सगळं कळत होतं. तो नियम घडाघडा म्हणायचा. ती म्हणायची, पाठांतर नको, तुम्ही काय कराल ते सांगा. तो चिडायचा आणि मला हातात घेऊन माझी मूठ फिरवत बसायचा. एकदा ती म्हणाली की लग्नाआधीच अशी मुलाखत घेतली असती तर बरं झालं असतं. तो खूप हसला. असं हसणं त्या घरात नंतर मी ऐकलं नाही.

एका संध्याकाळी तिने यादीत नसलेला प्रश्न विचारला.

"तुमच्याकडे ती दुसरी तपासणी कधी न बघताच झाली आहे का?"

"नाही," मास्तर म्हणाला. फार चटकन म्हणाला.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, मी आहे समोर. नीट सांगा."

त्याने मला खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. नुकतीच घडलेली गोष्ट होती. शेपटीतल्या ज्या दांड्याने विमानाचं नाक वर-खाली होतं, त्या दांड्याचा नट त्याला आवळायचा होता. हात नटावर आणि डोक्यात मुलाखतीची उत्तरं. काम उरकून तो निघाला. भिंगाच्या अंगावर त्या दिवशी दोन विमानांची कामं होती. तो लांबूनच म्हणाला, तू केलंयस ना, मग झालंच, आणि त्याने सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मास्तराच्या मनात आलं, पान्याचा टक् आपण ऐकला का? आठवेना. तो तसाच धावला. विमान अजून आतच होतं. त्याने झाकण उघडून नट धरला, तर तो बोटाने फिरला. आवळलेल्या नटावर जी लाल रंगाची रेघ ओढतात, ती तिथे नव्हती. बघणाऱ्याला ती नाही हे पहिल्या नजरेत दिसलं असतं. म्हणजे बघितलंच नव्हतं.

त्याने भिंगाला बोलावलं. भिंगानेही नट बोटाने फिरवून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. नट आवळला गेला, रेघ ओढली गेली, भिंगाने या वेळी वाकून बघितलं. झाकण लावताना भिंगच म्हणाला, "राहू दे. तुझी मुलाखत तोंडावर आहे. कुणाला कळायची गरज नाही." आणि मास्तर गप्प बसला.

तिने टेबलावरच्या चष्म्याच्या काड्या मिटल्या. धाकट्या भावाला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. एकीकडे नवरा, दुसरीकडे पाठचा भाऊ, आणि मधे तो नट. मला वाटलं, आता ही म्हणणार, हे तिथे बोलू नका. मी पोलादाचा, पण त्या वेळी मलाही तिच्या तोंडून तेच ऐकायचं होतं.

तिने चष्मा परत लावला. "आता उत्तर द्या," ती म्हणाली. "तिथे विचारतील तेव्हा मी समोर नसेन." आणि मग स्वतःच्या आवाजात, "फक्त त्याला आधी सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका."

मास्तर हो म्हणाला. त्याने फोन हातात घेतला, नंबर काढला आणि फोन परत ठेवला. उद्या भेटूनच सांगतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये भिंग त्याच्यासाठी चहा घेऊन आला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, मॅनेजरसाहेब, आम्हाला विसरू नका. मास्तर चहा पिऊन कामाला लागला; हे मी नंतर त्याच्याच तोंडून ऐकलं. मुलाखतीचा दिवस आला तरी सांगणं झालं नव्हतं. बायकोने दारात विचारलं, सांगितलंत ना? त्याने मान हलवली. हो की नाही, ते मान हलवणाऱ्यालाच ठाऊक.

परत आल्यावर त्याने टाय न सोडताच सगळं सांगितलं. नियमांचे प्रश्न थोडकेच होते. मग त्यांच्यातल्या वयस्क बाईंनी विचारलं, तुमच्या हँगरमधली अगदी अलीकडची चूक सांगा. त्याने सांगितली. बाई म्हणाल्या, झाकण लावून गप्प का बसलात? तो म्हणाला, मला ही खुर्ची हवी होती म्हणून. त्यानंतर त्यांनी त्याला पाणी दिलं.

चौकशी झाली. मास्तराला समज मिळाली, आणि खरं सांगणारा माणूस म्हणून पुढे पसंतीही मिळाली. हँगर वाचलं. भिंगाचा सहीचा अधिकार काढून घेतला गेला. पुन्हा शिकून परीक्षा दे, मग बघू, असं ठरलं. मास्तराने सगळं सांगून टाकलंय हे त्याला कळलं ते चौकशीला बोलावणं आलं तेव्हा. नट सैल सोडला त्याला खुर्ची, आणि विश्वासाने सही केली त्याच्या हातातून पेन गेलं. नियमाने बघाल तर यात काही चुकलं नाही. मला मात्र ते कधी पटलं नाही. मी हत्यार आहे, माझ्या पटण्याला कोण विचारतो!

भिंग परीक्षेला बसलाच नाही. त्याने हँगर सोडलं आणि आता तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. मास्तराने निरोप धाडले, एकदा त्याच्या घरी जाऊन आला. भिंगाने त्याला आत बोलावलं, बसवलं, पण एक अक्षर बोलला नाही. मास्तर रोज नव्या केबिनमध्ये जातो आणि घरी येऊन टेबलाशी नुसता बसतो. बायको त्याचं सगळं करते. पलीकडच्या खुर्चीवर मात्र बसत नाही.

परवा दुपारी भिंग आला. बहिणीला बरं नव्हतं, म्हणून फळं घेऊन आला होता. मास्तर कामावर होता. बहिणीने चहा ठेवला. त्याने मला उचललं, दांडीवरून अंगठा फिरवला. तो हात मी लगेच ओळखला आणि मला भडभडून आलं. ती पाठमोरीच म्हणाली, "इतका राग धरू नकोस रे. ते चुकले. तुला आधी सांगायला हवं होतं."

"राग नाही गं ताई," तो म्हणाला. "त्याने सांगितलं ते बरोबरच केलं. नोकरीचंही काही नाही, पोट भरतंय." मग मला खाली ठेवून म्हणाला, "तो नट माझ्या बोटाने फिरला, ते मनातून जात नाही. जगात एक माणूस असा होता, ज्याचं काम मला बघावं लागत नव्हतं. आता तसं कुणीच नाही."

चहा पिऊन तो गेला. संध्याकाळी मास्तराने ओट्यावरचे दोन कप पाहिले आणि विचारलं, तो आला होता का, काही म्हणाला का. ती म्हणाली, बरा आहे म्हणाला. मास्तराला तेवढ्याने केवढं हायसं वाटलं. त्या रात्री तो नीट जेवला.

तर मंडळी, मी आता म्हातारा झालोय, दांडीवर गंजही धरू लागलाय. आज ना उद्या मला टेबलावरून उचलून कुठेतरी टाकतील, आणि त्याचं मला दुःख नाही. एकच विनंती आहे. कधी मास्तराची गाठ पडलीच, तर भिंग काय म्हणाला ते त्याला सांगू नका.