हळदीकुंकवाचं बोट

मला राग लवकर येतो, हे तळेगावातल्या आमच्या शेडपासून टांझानियातल्या मोरोगोरोपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मका वाळवायचं यंत्र आम्ही इथं बनवतो आणि तिकडच्या एका शेतकरी संघाला देतो. दाणे पुरेसे वाळले की यंत्रानं आपणहून बंद व्हायचं, एवढंच त्याचं कौतुक. पहिल्या वर्षी पंखे जळाले, ते बदलले. दुसऱ्या वर्षी माल बंदरात अडकला, तोही सुटला. यंदा मात्र बाराच्या बारा यंत्रं मका करपेपर्यंत चालतच राहिली.

"तुम्ही यंत्रं नीट पुसत नाही," असं संघाच्या मेकॅनिकला, नीमाला, मी फोनवर किती वेळा सुनावलं असेल! "रोज पुसतो," एवढंच ती बिचारी म्हणायची.

काल सकाळी तिचा निरोप आला. "आज संघाची बैठक आहे, यंत्रं परत पाठवायचं बहुतेक ठरेल." म्हणजे सहा वर्षांच्या कंपनीचा गाशा गुंडाळायचा. हे भिकाजीभाऊंना सांगायलाच मी शेडमध्ये गेले. पवनानगरकडचे भाऊ आमचे सगळ्यात जुने फिटर. त्यांच्यासमोर तेरावं यंत्र चाचणी होऊन पॅकिंगला तयार होतं. एरवी चाचणी पास झाली की मी निघून जाते. काल थांबले. भाऊंनी नारळ फोडला, पत्र्यावर स्वस्तिक काढलं, मग झाकण उघडून आत हात घातला.

"भाऊ, आत काय करताय?"

"हळदीकुंकवाचं बोट लावतोय, ताई. दाना हितंच तर टेकतो."

ते बोट बरोबर दाण्यांचा ओलावा मोजणाऱ्या चकतीवर होतं.

"प्रत्येक यंत्राला लावता?"

"व्हय. दोन साल इघ्नं आली, म्हनून यंदा एक बी सोडलं न्हाई."

मी तिथल्या तिथं वाळका मका ओतून यंत्र चालू केलं. बंद होईना. चकती स्वच्छ पुसली, आणि ते लगेच बंद झालं. भाऊंचा चेहरा पडला.

"ताई, म्या समदं वाटुळं केलं."

"आधी बसा, भाऊ. वाटोळं कशानं झालं ते कळलं, हेच लय झालं." मला राग येत नव्हता, याचं मलाच नवल वाटलं. "आता फक्त आधी पूजा करायची आणि मग चाचणी."

नीमाला फोन लावला. चकती पुसून तिनं एक यंत्र मका भरून सुरू केलं आणि फोन शेजारी ठेवला. त्याची घरघर आम्ही दोघं जीव मुठीत धरून ऐकत होतो. पाऊण तासानं घरघर थांबली. पलीकडे बैठकीला जमलेल्यांच्या टाळ्या वाजल्या.

"आपणहून बंद झालं!" नीमा ओरडली. "यंत्रं इथंच राहणार!"

मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. भाऊंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. घोटभर पाणी पिऊन मी नीमाला म्हटलं, "मी तुम्हाला उगाच बोलले गं. माफ कर."



"तो डाग आम्ही पहिल्याच दिवशी पाहिला होता," ती म्हणाली. "कुणीतरी देवाचं नाव घेऊन लावलाय, असं वाटलं. म्हणून रोज सगळं यंत्र पुसायचो, फक्त तेवढी जागा सोडून."