कुंकू नसलेला चार

मी वीस बाजूंचा फासा बोलतोय. सारीपाटाचा फासा तुम्ही पाहिला असेल, तो वेगळा. मी पिवळट प्लास्टिकचा, आवळ्याएवढा. दूरदेशीच्या कारखान्यात वितळलेल्या रसातून साच्यात पडलो. साचा उघडला तेव्हा शून्य ते नऊ हे आकडे माझ्या अंगावर दोन-दोनदा उमटलेले होते.

अमेरिकेत नोकरीला असलेल्या चनबसप्पांनी मला सोलापूरला आणलं, ते १९७७ साली. खोक्यात सोबत तीन पातळ इंग्रजी पुस्तिका होत्या. त्यांनी भाच्याला, ईश्वरप्पाला, खेळ समजावून दिला. "याला पट नाही. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. काय करणार ते तोंडानं सांगायचं. जमलं की नाही, ते फासा सांगेल."

एकच आकडा दोनदा, मग वीसपर्यंत मोजायचं कसं? ईश्वरप्पानं आईच्या करंड्यातलं कुंकू तेलात कालवलं आणि माझ्या निम्म्या आकड्यांच्या खाचांत भरलं. कुंकवाचा आकडा आला की त्यात दहा मिळवायचे. शून्य दहा धरायचा. साधा चार म्हणजे चार, कुंकवाचा चार म्हणजे चौदा.

दर रविवारी चादरीच्या दुकानावरच्या माडीत खेळ रंगायचा. ईश्वरप्पा गोष्ट रचायचा. त्याची धाकटी बहीण रुद्राणी निंगव्वा नावाची वैदीण व्हायची. जमिनीखालच्या किल्ल्यात हरवलेली आपली बहीण शोधणारी. ईश्वरप्पाचा वर्गमित्र धुळाप्पा माळशिरसकडचा, वसतिगृहात राहणारा. तो व्हायचा भालेवाला. भालेवाल्याला नाव द्यायलाही तो तयार नव्हता.

खेळ थोडा आणि वाद फार.

"ह्यो डाव हाय," धुळाप्पा म्हणायचा. "डोकं चालवायचं, खजिना काढायचा, जित्तं भाईर यायचं. तुजी निंगव्वा दर दाराशी रडत बसती, त्यानं काय मिळतंय?"

"मला काही मिळवायचं नाही," रुद्राणी म्हणायची. "ती काय करेल ते मला बघायचंय."

दोघंही मग ईश्वरप्पाकडे वळायचे. तो पुस्तिका उलटीपालटी करायचा. खेळायचं कशासाठी, ते तिन्ही पुस्तिकांत कुठंच लिहिलेलं नव्हतं. माणसांची गंमत वाटायची मला. जे लिहिलेलं नसतं, त्यावरच ती सगळ्यात जोरात भांडतात.

ईश्वरप्पानं आपला नकाशा दिसू नये म्हणून पुढ्यात एक पुठ्ठा उभा केला होता. हळूहळू मलाही तो त्याच्याआडच टाकू लागला. पडलेला आकडा त्याला एकट्याला दिसायचा. तिथून पुढं मला कसंतरी व्हायला लागलं.

वैशाखातली ती दुपार. वीज गेलेली, पंखा बंद. सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. निंगव्वानं बहिणीचा आवाज ऐकून अंधाऱ्या कोनाड्यात हात घातला. धुळाप्पानं आधीच बजावलं होतं, "काठीनं चाचपून बघ." रुद्राणी म्हणाली, "बहीण हाक मारतीय. ती काठी शोधत बसेल का?"

कोनाड्यात नाग होता.

"विषातून वाचायला बारा किंवा वर," ईश्वरप्पा म्हणाला. त्याच्या मुठीतला घाम माझ्या अंगाला लागला. मी पुठ्ठ्याआड पडलो, गरगरलो, थांबलो. त्यानं पाहिलं. मग बहिणीच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"चौदा," तो म्हणाला.

रुद्राणीनं सुस्कारा सोडला. धुळाप्पा मात्र ईश्वरप्पाच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं हात लांबवून पुठ्ठा आडवा केला.

"चारच हाय की. कुंकू कुटं हाय?"

खाली दुकानात गिऱ्हाईक चादर झटकून बघत होतं, तेवढाच आवाज.

"मी गोष्ट चालवतो," ईश्वरप्पा शेवटी म्हणाला. "कोनाड्यात मरून गेली तर गोष्टीत उरलं काय? आकड्यासाठी माणूस मारायचं?"

"मग फासा टाकतोस कशाला?" धुळाप्पा उसळला. "आमी हितं जीव मुठीत धरून बसायचं आन तू आतल्या आत ठरवायचं?"

"तू गप्प बस. तुला तिचं काय?"

"धुळाप्पा बरोबर बोलतोय," रुद्राणी म्हणाली. "अण्णा, याआधी किती वेळा?"

ईश्वरप्पानं मान खाली घातली.

"म्हणजे निंगव्वा धीट होती की तू तिला जगवत होतास, हे मला आता कधीच कळायचं नाही."

तिनं मला उचललं नाही, फिरवलंही नाही. "चार," ती म्हणाली. "निंगव्वा मरतेय."

आणि आता धुळाप्पाचाच चेहरा उतरला. वाद त्यानं जिंकला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "एकडाव परत टाकूया की."

"नको. तिला बोलू दे." रुद्राणी भिंतीला टेकली. दम तोडत, शब्द शोधत म्हणाली, "भालेवाल्या, माझी झोळी घे. आत माझी बहीण आहे. ती अंधाराला भिते."

ताक घेऊन आलेल्या ईश्वरप्पाच्या आई गौरम्मा दारातच थबकल्या. "काय झालं? कोण गेलं?"

धुळाप्पानं नसलेली झोळी दोन्ही हातांनी घेतली. "खजिना ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "भालेवाला तिच्या बहिणीला हुडकाया निगाला."

ईश्वरप्पा उठून जिना उतरून गेला. पुढचे कितीतरी रविवार मी खोक्यात बंद होतो. भाऊ-बहीण जेवायला शेजारी बसत, पण बोलणं कामापुरतंच. मला वाटलं, संपलं आपलं.

श्रावणात एका दुपारी झाकण उघडलं. ईश्वरप्पानं मला बहिणीच्या हातावर ठेवलं. "तू चालव. मी खेळतो," एवढंच म्हणाला.

आता १९७९ साल चाललंय. माझे कोपरे झिजलेत, थांबायला वेळ लागतो. वाद संपलेले नाहीत. कालच धुळाप्पा आणि ईश्वरप्पा जोडे घालून अंगणात उतरल्यावरही हुज्जत घालत होते. घाला बापडे. खेळाचा अर्थ तुम्ही ठरवा, जोरजोरानं ठरवा. माझं मागणं एवढंच, की मला झाकू नका.

या घटकेला ईश्वरप्पाचा खेळातला गडी तुटक्या दोरावर लोंबकळतोय. ईश्वरप्पानं श्वास रोखलाय. रुद्राणीनं भावाकडं एकदा पाहिलं, आणि मला सगळ्यांच्या मधे, उघड्या फरशीवर सोडलं. मी अजून फिरतोय.