इंजिनाला कुठे डोळे असतात

गॅरेज रोझलिनला गेलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण आत्ता ख्रिसमसची दुपार आहे, गॅरेज मर्विन टास्करच्याच ताब्यात आहे, आणि कुणीही काहीही हरलेलं नाही.

त्या गॅरेजात एक गाडी होती. म्हणजे, इंजिन सोडलं तर गाडीच म्हणावी अशी वस्तू होती. मर्विन इंग्लंडातल्या लिंकनशरमधल्या एका गावात पोराटोरांना ड्रायव्हिंग शिकवायचा. घरी जोडायच्या गाडीचे सुटे भाग त्याने हौसेनं मागवले होते: नळ्यांचा सांगाडा, फायबरचं लाल कवच आणि दोन बसकी आसनं. गाडी इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे आधी नीट पडायचं. इंजिन मात्र ज्याचं त्याने आणायचं आणि मधोमध बसवायचं, म्हणजे माणसाच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे. बाकीचे लोक आठवड्यात इंजिन ठरवतात. मर्विन चार वर्षं ठरवत होता. लग्नाच्या वेळी तू एवढा विचार केला नव्हतास, असं त्याची बायको रोझलिन म्हणायची. तूही केला नव्हतास हे उघड आहे, असं मर्विन आरशात स्वतःकडे बघत म्हणायचा.

रोझलिन मातीची भांडी करायची. तिची भट्टी चार वर्षं बैठकीच्या खोलीत खोक्यातच होती आणि तिच्यावर टीव्ही होता. त्या दुपारी टर्की कापता कापता तिने सुरी रोखली.

"मे महिन्यात तुमच्या गाड्या जोडणाऱ्यांच्या क्लबाचा मेळावा आहे ना? जुन्या विमानतळावर? तिथे ही गाडी तीस मैलांच्या वेगाने पुढे पळाली, तर गॅरेज जन्मभर तुझं. नाहीतर माझी भट्टी आत आणि तुझी गाडी ताडपत्रीखाली."

"तीसच? तीसने तर ती ट्रेलरवर बसूनही जाते."

"तेच म्हणतेय मी. ट्रेलर न लावता."

मर्विनने शेजारच्या ऑब्रीला गाठलं. ऑब्रीने स्वतः तीन गाड्या बांधल्या होत्या. तिन्ही गळायच्या, पण वेगवेगळ्या ठिकाणी, त्यामुळे क्लबात त्याच्या अनुभवाला मान होता.

"मोटरसायकलचं टाक," ऑब्री म्हणाला. "हलकं आहे, पळतं कसं बघ."

"त्याला रिव्हर्स नसतो."

"तुला मागे कुठे जायचंय?"

"ऑब्री, अर्ध्या गावाला मी रिव्हर्स शिकवलाय. माझ्याच गाडीला नसला तर लोक तोंडावर हसतील."

"आत्ता पाठीमागे हसतातच की, लेका."

मग एका इटालियन मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन बघून झालं. आवाज असा की मर्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते आत बसवायचं तर मर्विनला बाहेर बसावं लागलं असतं. एका आइस्क्रीमच्या गाडीचं इंजिन जवळजवळ ठरलंच होतं, पण ते सुरू केलं की भोंग्यावर बालगीत लागायचं आणि तार कुठली ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. दारोदार रेंगाळत जाणाऱ्या दुधाच्या गाडीची विजेची मोटर रोझलिननेच सुचवली, तीही इतक्या गोड आवाजात की मर्विनने तो विषय तिथेच मिटवला.

एप्रिल उजाडला तेव्हा त्याने जुन्या बीटल मोटारीचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून आणलं. बीटलमध्ये ते मागच्या चाकांच्याही मागे असतं. मर्विनला हवं होतं पुढे. म्हणून त्याने अख्खा जोड साखळीला टांगला, गर्रकन उलटा फिरवला आणि बसवला. अगदी चपखल बसला. त्याला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्याने चहात दोन बिस्किटं बुडवली.

"फिरवलास खरा, पण चालेल ना?" ऑब्रीने विचारलं.

"न चालायला काय झालं? इंजिनाला कुठे डोळे असतात?"

ब्रेकच्या नळ्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी जोडून झाल्या. गाडी ट्रेलरवरूनच धावपट्टीवर उतरली. सगळा क्लब सँडविच घेऊन रांगेत उभा होता. मर्विन आत पडला, इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला, ऐटीत हात हलवला आणि क्लच सोडला.

गाडी सणसणत मागे गेली आणि चहाच्या टेबलात घुसली.

त्याने दुसरा टाकून पाहिला. टेबल आणखी लांब गेलं. शेवटी भीत भीत रिव्हर्स टाकला, तेव्हा गाडी पुढे निघाली. दमलेला बैल घरी जातो त्या चालीने.

ऑब्री धावत आला. "अरे गड्या, जोड उलटा फिरवलास की चाकंही उलटी फिरणार! आतलं मोठं दातेरी चाक काढून दुसऱ्या बाजूला बसवायचं असतं. हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे!"

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतक्या खात्रीने सांगितलंस! मला वाटलं, काहीतरी नवीन निघालं असेल."

म्हणजे मर्विनच्या हातात चार गिअर मागचे होते आणि एक पुढचा. पुढच्यात इंजिन किंचाळलं तरी काटा पंधराच्या वर सरकेना. रोझलिन घडीच्या खुर्चीत शांतपणे विणत बसली होती. मर्विनने विचार केला. आयुष्यात त्याला एकच गोष्ट खरोखर येत होती. त्याने गाडीची पाठ धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे केली, डावा हात शेजारच्या आसनावर टाकला, मान वळवली आणि चौथ्यात सुटला. बाणासारखा सरळ. शिकवतो तस्सा. ऑब्रीच्या वेगमापकावर एक्केचाळीस आले. क्लबाने टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

रोझलिनही उठून टाळ्या वाजवत होती. मर्विन धापा टाकत तिच्यापर्यंत आला.

"बघितलंस ना? एक्केचाळीस!"

"बघितलं रे. सुंदर चालवलीस. मी काय म्हटलं होतं?"

"तीस."

"तीस, आणि काय?"

मर्विनने बुटांकडे पाहिलं. "पुढे."

मंगळवारी भट्टी गॅरेजात गेली. बुधवारी मर्विन ताडपत्रीशेजारी बसून वाहन नोंदणी कार्यालयाला लिहीत होता:

"महोदय, सदर वाहनाची मागची बाजू आजवर अनवधानाने मागची समजली गेली आहे. तरी ती पुढची म्हणून घोषित करण्यात यावी, दिवे, आसने व चालक यांची दिशा त्यानुसार चुकीची ठरवण्यात यावी, ही घोषणा गेल्या रविवारच्या सकाळपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावी, आणि तिची एक प्रत माझ्या पत्नीस परस्पर, भट्टी तापण्यापूर्वी पोचेल अशा बेताने पाठवावी, ही नम्र विनंती."