चिमण्यांनी नेलेलं बी

दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी कुसाकाबे-सान हातगाडी घेऊन आमच्या गल्लीत यायचे. गाडीत नऊ कुंड्या, प्रत्येक कुंडीत वीतभर वाढलेली, गारवेलीसारख्या असागाओची वेल आणि तिच्यासाठी रोवलेल्या तीन बांबूच्या काड्या. प्रत्येक दारापुढे ते कंबरेतून वाकायचे आणि तेच वाक्य म्हणायचे, "अगदीच क्षुल्लक आहे, पण उन्हाळाभर दाराला जरा शोभा येईल." आम्ही त्यांच्यापेक्षा चार बोटं जास्त वाकायचो आणि कुंडी आत घ्यायचो.

वेल साधीच असायची. चहाच्या पेल्याएवढं निळं फूल, पहाटे उमलणार आणि दहाच्या आत मान टाकणार. असली वेल इथे पहिलीतली पोरंसुद्धा शाळेत लावतात. पण भेट ती भेट, आणि परतभेट दिल्याशिवाय आमच्याकडे कुणाला अन्न गोड लागत नाही. माझं टोफूचं दुकान, म्हणून उन्हाळाभर दर शनिवारी दोन वड्या त्यांच्याकडे जायच्या. शेजारची यासुए हमामखाना चालवते, ती त्यांच्याकडून आंघोळीचे पैसे घ्यायची नाही. तांदूळवाल्याकडून कलिंगड, छत्रीवाल्याकडून बीअर. ट्राम बंद झाल्या तेव्हा निवृत्त झालेला तो एकटा म्हातारा छत्रीवाल्याच्या वरच्या खोलीत राहायचा आणि मला वाटतं, चार महिने त्याच्या घरी गॅस पेटतच नसावा.

ऑक्टोबरात ते कात्री आणि कागदी पिशव्या घेऊन पुन्हा यायचे. "वाळलेल्या वेली मी काढून नेतो, तोमिए-सान. तुम्ही कशाला वाकताय, आधीच गुडघा दुखतो तुमचा." माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी माझ्या गुडघ्याची एवढी काळजी केली नव्हती. अकरा वर्षं मी त्या माणसाला गल्लीतला सगळ्यात सज्जन शेजारी समजत होते.

बाराव्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सकाळी उएनोच्या एका हॉटेलात टोफू पोचवून परत येताना देवळाच्या आवारात असागाओचं प्रदर्शन दिसलं. म्हटलं, बघून जाऊ. पहिल्या बक्षिसाची फीत लावलेल्या कुंडीपुढे पाय थबकले. वेल म्हणावी तर पानं मुरडलेली, आणि फूल म्हणजे फाडलेल्या जांभळ्या रेशमाचा झुबका. पाकळीतून पाकळी, आणि खाली पिसांसारख्या झिरमिळ्या लोंबत होत्या. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाटीवर नाव होतं, कुसाकाबे.

"आमच्या गल्लीतले आहेत," मी शेजारी पंख्याने वारा घेत उभ्या असलेल्या माणसाला ऐटीत सांगितलं. "याचं बी मागून घेते आता."

तो हसला. "याला बी धरत नाही, बाई. सगळ्याच्या पाकळ्या झाल्या, बी धरायला आत उरलंय काय? याचं बी याच्या बहिणींकडे असतं."

"कुठल्या बहिणी?"

"एकाच वेलीचं बी पेरलं की चारांत एखादं असं वेडं निघतं. बाकीच्या साध्या, निळ्या. त्या साध्यांतल्या काहींच्या पोटात हे वेड दडलेलं असतं, काहींच्या नसतं, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून दहा-बारा बहिणी सांभाळायच्या, प्रत्येकीचं बी वेगळं ठेवायचं आणि पुढच्या मे महिन्यात पेरून बघायचं. नाही सांभाळल्या तर वंश संपला. जागा लागते हो त्याला. कुसाकाबे-सानांची गच्ची तर दोन चटयांएवढी. कसं जमवतात देव जाणे."

देवाबरोबर आता मीही जाणत होते. घरी येऊन मी दारातली कुंडी उचलून तिचं बूड पाहिलं. पेन्सिलीने बारीक सात लिहिलेला होता. यासुएच्या कुंडीखाली चार निघाला.

"म्हणजे आपण दाया," यासुए म्हणाली. "पोरं त्याची, सांभाळायची आपण."

"आणि वर पगारही आपणच द्यायचा."

"तोंडावर सांगून टाक ना त्याला."

"तोंडावर सांगायला मी काय फटकळ ओसाकाची आहे?"

हमामखान्यात बायकांच्या बाजूला एका संध्याकाळी सगळं ठरलं. सप्टेंबर संपता संपता नऊही घरांतली पिकलेली बोंडं आम्ही खुडली, आकड्यांप्रमाणे नऊ पुड्या बांधल्या आणि चहाच्या डब्यात भरून तो डबा माझ्या फळीवर ठेवला. बी नासवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. त्यांनी एकदा खरं काय ते सांगावं आणि तोंडाने मागावं, की डबा त्यांच्या हातात. एवढंच.

ऑक्टोबरात ते आले. वेल न्याहाळली, एकेक फाटा हळूच उलटा करून पाहिला.

"बोंडं दिसत नाहीत, तोमिए-सान."

"चिमण्या हो. यंदा फार माजल्यात."

सगळे देठ कात्रीने कापल्यासारखे सरळ होते. त्यांनी ते पाहिले, आणि त्यांनी पाहिले हे मी पाहिलं.

"चिमण्यांनासुद्धा खायला हवंच," ते म्हणाले आणि वाकून पुढच्या दाराशी गेले. तिथेही चिमण्याच आल्या होत्या. नऊ घरं हिंडून त्यांनी पिशव्या तशाच रिकाम्या घड्या करून खिशात ठेवल्या.

मला वाटलं, आठवड्यात येतील. महिना गेला. ते रोज टोफू घ्यायला यायचे, थंडीबद्दल बोलायचे, माझ्या गुडघ्याची विचारपूस करायचे आणि जायचे. नव्या वर्षाला त्यांनी मला तांदळाची मोचीसुद्धा आणून दिली. डबा त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर होता.

"दे आता," यासुए म्हणायची.

"मागू दे की. जीभ झिजते का त्याची?"

"झिजत नसेल, पण लाजत असेल."

"अकरा वर्षं माझा टोफू खाताना लाजला नाही तो."

खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. ते वेडं फूल आपणच उमलवायचं आणि ऑगस्टमधल्या एका सकाळी गुपचूप त्यांच्या दारात नेऊन ठेवायचं. वर म्हणायचं, अगदीच क्षुल्लक आहे. त्यांचा चेहरा कसा होईल ते मनात आणून मी सोयाबीन वाटताना एकटीच हसायचे.

मेच्या मध्याला मी सात नंबरची पुडी सोडली. बियांची टरफलं कडक असतात, ती नखं कापायच्या कात्रीने जरा टोकरली, रात्रभर भिजत घातली आणि टोफूच्या दोन जुन्या लाकडी पेट्यांत माती भरून अठ्ठावीस बिया लावल्या. आठवड्यात सगळ्या उगवल्या. बावीस रोपं तरतरीत, पहिली दोन पानं फुलपाखरासारखी पसरलेली. सहा मात्र भिकार निघाली. पानं चुरगळलेली, एकाची तर मुठीसारखी मिटलेली. मी स्वच्छतेची बाई. अधू रोपं चांगल्यांचं खातात, म्हणून ती सहाही उपटली आणि डुकरांसाठी सोयाबीनचा चोथा ठेवते त्या बादलीत टाकली. मग बावीस जणींना पाणी घालत म्हटलं, आता बघा म्हणावं.

तेवढ्यात यासुए आली, तोंड उतरलेलं.

"म्हाताऱ्याच्या गच्चीवर दोनच बहिणी उरल्या होत्या. त्यांचं बी पेरलं, सगळी साधी उगवली. एकही वेडी नाही. काल हौदात बसून न्हाव्याला सांगत होता, अडतीस वर्षांचा वंश होता, संपला म्हणून. भिंतीपलीकडून ऐकलं मी. रडत नव्हता, पण तोमिए, तो ज्या आवाजात बोलत होता त्यापेक्षा रडला असता तर बरं झालं असतं."

माणसाने मागितलं नाही म्हणून आपण एवढं ताणायचं? चूक त्यांची होती, पण शिक्षा चुकीपेक्षा फार मोठी झाली होती आणि ती मी दिली होती. मी स्टुलावर चढले आणि डबा खाली काढला. हात अजून डब्यावरच होता, तोच दारातून आवाज आला, "एक वडी द्या, तोमिए-सान."

मी वळले तर त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते बादलीकडे बघत होते. मग तो पंच्याहत्तरीचा माणूस ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि चोथ्यात कोपरापर्यंत हात घालून एकेक चुरगळलेलं रोप वेचू लागला. सगळी सहा मिळेपर्यंत तो उठला नाही.

"ही कुठून आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"चिमण्यांनी टाकली असतील," मी म्हणाले.

"टाकायला हीच सहा सापडली त्यांना? वेडं फूल फक्त यांनाच येतं, तोमिए-सान. पहिल्या दोन पानांतच कळतं ते."

यासुए भिंतीकडे तोंड करून खोकू लागली. माझे कान तापले. आठ महिने ज्या दिमाखात मी वावरत होते, तो सगळा त्या बादलीत गेला होता.

"मला वाटलं, रोगट आहेत," मी म्हणाले. "पण तुम्ही तरी काय केलंत? अकरा वर्षं आमच्याकडून पोरं सांभाळून घेतलीत आणि वर भेट म्हणून वाकलात. एकदा सांगितलं असतंत तर आम्ही नाही म्हणालो असतो का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काळजी घेतली असती."

"मग?"

"मग खत घातलं असतंत, उठता-बसता पाणी घातलं असतंत आणि वेली मेल्या असत्या. तुम्ही शेजारधर्म म्हणून जेवढ्यास तेवढं बघत होता, त्याने त्या छान पोसल्या. सात नंबर तर दर वर्षी पहिला." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. "हे मी मनाला सांगायचो. खरं म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही टोफू आणून दिलात आणि मग मला सांगायची लाज वाटली. दुसऱ्या वर्षी जास्त वाटली. नंतर टोफूची सवय झाली."

मी डबा उघडून उरलेल्या आठ पुड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी आकडे वाचले आणि तिथेच फरशीवर इतके वाकले की कपाळ ओलं झालं. मीही वाकले. गुडघा कळवळला, पण आधी उठायचं कुणी हे ठरेना, म्हणून शेवटी यासुएने दोघांना दंडाला धरून उठवलं.

सहांतलं एकच रोप जगलं. बाकीच्या आठ पुड्यांचं पेरायचं त्यांनी पुढच्या वर्षावर ठेवलं, कारण मे सरत आला होता. माझ्या बावीस जणींतल्या नऊ त्यांनी निवडल्या आणि जूनच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन निघाले. या वेळी दारोदार वाक्य वेगळं होतं. "वेल माझी आहे, बी मला हवंय, परतभेट नको." तांदूळवाल्याने तरी कलिंगड दिलंच. सवय आमचीही झाली होती.

ऑगस्टमधल्या प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे साडेचारला मी सोयाबीनची कढई ढवळत होते. दार सरकलं. कुसाकाबे-सान उभे होते, अंगावर प्रदर्शनाला घालायचा कडक इस्त्रीचा सदरा, हातात कुंडी. त्या एकुलत्या एका वेलीवर पहिलं फूल उमललं होतं. फाडलेल्या जांभळ्या रेशमाचा झुबका, मागच्या वर्षीपेक्षा बोटभर मोठा. खालच्या झिरमिळ्या कढईच्या वाफेने हलत होत्या.

"अहो, आज परीक्षक येणार ना?" मी म्हटलं. "निघा लवकर. दहाला मान टाकेल ते."

"म्हणूनच इथे आणलं. तुमचं दुकान पाचला उघडतं." त्यांनी कुंडी टोफूच्या टाकीशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली आणि पुसलेल्या फरशीवर दोन पावलं मागे सरकून वाकले. "अगदीच क्षुल्लक आहे."

अडतीस वर्षांचा वंश माझ्या दुकानात पाच तासांसाठी आला होता. डोळे पुसत मी घाईघाईने दोन वड्या कागदात बांधायला घेतल्या.

"परतभेट नको, तोमिए-सान," ते चपला घालता घालता म्हणाले. "आणि याच्यावर पहारा ठेवायची गरज नाही. याला बी धरत नाही, चिमण्या फिरकणार नाहीत."