बुटक्या मंचाला लागलेली पायरी

मी एक बुटका लाकडी मंच आहे. गायकवृंदाच्या तालमीत दिग्दर्शक ज्याच्यावर उभे राहून हात हलवतात, तो. माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. पण माझ्याशिवाय मागच्या रांगेला दिग्दर्शकाचे हात दिसत नाहीत, आणि मग ती रांग स्वतःच्या मनाने गाते. ते मी ऐकलेलं आहे. तुम्ही ऐकू नये.

माझा जन्म यंत्राच्या खोक्याच्या फळ्यांतून झाला. माझ्या एका बाजूला ठळक अक्षरांत ‘ही बाजू वर’ असं बाणासकट छापलंय, आणि सुताराने ती फळी उलटी ठोकल्यामुळे बाण खाली दाखवतो. तेव्हापासून लेखी सूचनांवर माझा विश्वास नाही.

माझ्यावर प्रथम उभे राहिले ते मास्तर. अंगाने भारी, स्वभावाने हलके. त्यांच्या तालमीचा निम्मा वेळ गाण्याचे कागद शोधण्यात जायचा आणि उरलेला निम्मा, कोणाचा कागद कोणी नेला यात. मधेच चहा यायचा आणि चहानंतर माणसं परत यायची नाहीत. तरी सगळे खूश होते. मास्तर थकून घरी बसले आणि माझ्यावर छत्र्या, पिशव्या, एकदा तर कोणाचं तरी हेल्मेट येऊन बसलं. माणसाची खुर्ची गेली की काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं.

मग मास्तरांच्या जागी बाई आल्या. वयाने लहान, पायात सपाट बूट, चाल पोलिसाची. पहिल्या दिवशी त्यांनी वेळेवर तालीम सुरू केली. समोर चारच माणसं होती, तरीही! उशिरा आलेल्यांना वाटलं, आपण चुकीच्या खोलीत आलो. गाण्यांचा क्रम फळ्यावर लिहिलेला. अवघड गाणं आधी, गळा ताजा असताना. चहा शेवटी.

“कानामागून आली आणि तिखट झाली,” शिंपी पुटपुटला. हा मागच्या रांगेतला. त्याच्या हातात गाण्याच्या कागदापेक्षा तंबाखूची पुडी जास्त वेळ असते.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी प्रत्येकाला एकेक फाईल दिली. फाईलच्या कडेला रंगीत चिकटपट्टी: काहींना हिरवी, काहींना पिवळी, काहींना लाल. झालं. तिथे सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकली.

आक्का माझ्या काठावर टेकून चपलेचा पट्टा लावत होत्या. त्या वृंदातल्या सर्वांत जुन्या. खालच्या पट्टीतला त्यांचा आवाज म्हणजे घराचा पाया. त्यांची फाईल लाल होती.

“लाल म्हणजे काय हो?” त्यांनी हळूच विचारलं.

“सिग्नलला काय असतं?” शिंपी म्हणाला. त्याचीही लालच होती. “हिरवे पुढे जाणार, पिवळ्यांनी तयारीत राहायचं. आपण थांबायचं. कार्यक्रमाआधी चाळणी लागणार, लिहून ठेवा.”

त्यानंतर बाई रांगांमधून चालत, कान देत फिरायला लागल्या. मग तर शंकाच उरली नाही. लाल पट्टीवाल्यांनी एक युक्ती काढली. बाई जवळ आल्या की आवाज बंद. नुसते ओठ हलवायचे. चूक ऐकूच गेली नाही तर काढणार कशाला? लांबून बघितलं तर सगळे गाताहेत, जवळ जावं तर काचेच्या पेटीतले मासे. बाई पुन्हा माझ्यावर येऊन उभ्या राहत, आणि त्यांचे बूट अस्वस्थपणे चुळबुळत. “मास्तरांचीच माणसं ही,” त्या एकदा दातांतल्या दातांत म्हणाल्या. “मला पळवून लावणार.” मलाही त्यांचा संशय यायला लागला होता. मला बघताना त्या डोकं तिरकं करत. उंची मोजणारी नजर मी ओळखतो. सरपण व्हायला मला वेळ लागणार नव्हता.

कार्यक्रम आठवड्यावर आला तेव्हा सुतार आला. तालीम चालू असतानाच त्याने माझ्यावर मोजायचा टेप लावला. माझ्या फळ्या गार पडल्या.

“आक्का, जरा इकडे या,” बाई म्हणाल्या. “पाय उचलून दाखवा बरं. किती वर जातो?”

आक्का उभ्याच राहिल्या. मग त्यांनी आपली फाईल माझ्यावर आपटली.

“आता गुडघे मोजून काढणार का मला? सरळ सांगा ना, नको आहात म्हणून! लाल पट्टी लावलीत तेव्हाच ओळखलं मी.”

“लाल म्हणजे खालचा आवाज,” बाई गोंधळून म्हणाल्या. “पिवळा मधला, हिरवा वरचा. कोणाचा कागद कोणाकडे जाऊ नये म्हणून. फाईल दिल्या त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं की!”

“फळा वाचतो कोण?” शिंपी म्हणाला. “इतकी वर्षं त्याला आम्ही पिशव्या अडकवतोय.”

बाई माझ्यावरून खाली उतरल्या.

“दुसऱ्या गाण्याची सुरुवात तुम्ही एकट्यांनी करायची आहे, आक्का. इथे वर उभं राहून. म्हणून पायरी करून घेतेय. पहिल्या दिवशी तुमचा आवाज ऐकला, तेव्हाच ठरवलं होतं. मग तो आवाज गायबच झाला. मी जवळ आले की तुम्ही गप्प. मला वाटलं, तुम्हाला माझ्या हाताखाली गायचंच नाही.”

आक्कांनी पदराने चष्मा पुसला. मग त्या ‘अहो बाई’ विसरल्या.

“अगं, भीतीने गप्प होते मी! तू ऐकायला आलीस, की मला वाटायचं काढायला आलीस.”

पायरी लागली. सुताराने ती नेमकी ‘ही बाजू वर’ याच्यावर बसवली, त्यामुळे तो खोटारडा बाण झाकला गेला. कार्यक्रमात आक्का त्या पायरीवरून माझ्यावर चढल्या. बाई खाली जमिनीवर उभ्या होत्या. आक्कांनी पहिला सूर लावला आणि तो त्यांच्या तळव्यांतून माझ्या फळ्यांत उतरला. मागची लाल रांग त्यांच्यामागोमाग आली, तोंड उघडून.

आता मी शाबूत आहे, उलट थोडा वाढलोच आहे. पायरी खिळ्यांची आहे की स्क्रूची, म्हणजे कायमची की काढता येण्याजोगी, हे मात्र मला अजून कोणी सांगितलेलं नाही. म्हणून तालमी घेणाऱ्यांना एकच विनंती. वेळ पाळा, क्रम लिहा, पट्ट्या खुशाल लावा. पण कोणावर टेप लावण्याआधी, तो कशासाठी लावताय ते तोंडाने सांगा. लाकडालासुद्धा.