मुकादम अडून बसतो

"बाई, न ऐकणाऱ्या कुत्र्याला तुम्ही शाबासकी देता, मग न ऐकणाऱ्या मुलींनीच तुमचं काय घोडं मारलंय?"

विचारला तिने, पण प्रश्न तिचा नव्हताच. लांबडी आणि चिमणी, वर्गातल्या तिच्या दोघी जिवलग, "हिंमत असेल तर विचारून दाखव" म्हणून सकाळपासून मागे लागल्या होत्या. आणि हिंमत तर हल्ली तिच्या अंगात मावत नव्हती! दोन वर्षांपूर्वी नजर जायला लागली तेव्हा ती नुसती कोपरा धरून बसायची. आता दिसत काहीच नव्हतं, पण तोंडाला टाळं म्हणून नव्हतं.

कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाई कडक. पण आवाजात दाबलेलं हसू होतं.

"न ऐकायलाही शिकावं लागतं," त्या म्हणाल्या. "हा आधी तुझं पूर्ण ऐकून घेतो. धोका दिसला तरच अडून बसतो. भुंकत नाही, पळत नाही, रुसत नाही. जमेल तुला?"

"बाई, ही आणि न रुसता?" चिमणी फिस्सकन हसली.

'हा' म्हणजे मुकादम, न दिसणाऱ्यांना वाट दाखवायला शिकलेला कुत्रा. कुत्र्यांच्या प्रशिक्षण केंद्राच्या कागदावर त्याचं भारदस्त नाव होतं, पण वाटेत आडवा बसून भल्याभल्यांना थांबवतो म्हणून लांबडीने त्याला मुकादम म्हटलं आणि तेच चिकटलं. मागच्याच आठवड्यात तो असा बसला होता. तिने "चल" म्हटलं, "चल ना रे" म्हटलं, शेवटी "बस तू, मी चालले" म्हणून त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याची दांडी सोडून पाऊल टाकलं, ते थेट घोट्यापर्यंत ओल्या सिमेंटमध्ये! मुकादमाला शिंतोडासुद्धा नाही. तिच्या बुटाचा ठसा आता त्या फुटपाथवर कायमचा बसलाय. मैत्रिणी येता-जाता त्याला सलाम ठोकतात.

आज शेवटची परीक्षा. केंद्राच्या फाटकापासून वाचनालयापर्यंत, ती आणि मुकादम. बाई आणि मैत्रिणी वीस पावलं मागे. पास झाली तर मुकादम तिच्या घरी येणार. नाहीतर तो दुसऱ्या कुणाचा तरी, आणि तिच्या नशिबी पुन्हा बाबांची गाडी. वर्गाच्या दारापर्यंत सोडणं, मधल्या सुट्टीत खिडकीतून "डबा खाल्लास का गं?" आणि सगळा वर्ग खी खी खी.

पहिली दोन वळणं झोकात गेली. डावीकडे बेकरीचा वास, उजवीकडे सायकल दुरुस्तीवाल्याची ठोकठोक, आणि दांडीतून हातात उतरणारी मुकादमाची तुरुतुरु चाल. वाचनालयाच्या अलीकडे एक गल्ली ओलांडायची होती. फुटपाथ संपला तसा तो थांबला. तिने कान टवकारले. शांत. इंजिनाची घरघर नाही, काही नाही.

"चल."

मुकादम तिच्या पायांपुढे आडवा झाला आणि बसला.

"अरे चल ना!" जागचा हलेल तर शपथ. पन्नास पावलांवर वाचनालय, आणि याला नेमकं आत्ताच सुचलं! ती दांडी सोडणार, एवढ्यात घोट्याला ते गारगार सिमेंट आठवलं. तिने मूठ घट्ट केली. "बरं राजा. तू म्हणशील तसं."

आणि अगदी हातभर अंतरावर टायरखाली खडी करकरली. बॅटरीवरची गाडी, उलटी, चोरपावलांनी आलेली! गाडी थांबली. काच खाली उतरली.

"मी आपला... सहजच इकडे..."

बाबा!

ती वाचनालयासमोरच्या रस्त्याने येईल, मागून नाही, अशा समजुतीने ते वाचनालयाच्या दाराकडे डोळे लावून होते, आणि परीक्षा लपून बघायला म्हणून गाडी गल्लीत मागे घेत होते. बाई तरातरा पुढे आल्या.

"अहो, परीक्षा तिची होती! ती पास. नापास तुम्ही!"

लांबडीने शिट्टी मारली, चिमणीने उड्या. ती मात्र मुकादमाच्या गळ्यात पडली, आणि त्याने तिचा कान चाटून ओला केला.

संध्याकाळी घरी बाबा पुन्हा सुरू. सवय कुठली जायला? "सोमवारपासून कुत्रा मागच्या सीटवर. मी सोडीन दोघांना."

"आणि दप्तर मी वर्गात आणून देईन," आई म्हणाली. "वर्गाची ती पायरी किती उंच आहे, शिवाय परवा पाऊसही..."

तिने सगळं ऐकून घेतलं. अगदी शेवटच्या पायरीपर्यंत. "झालं बोलून?" असं गोड आवाजात विचारलं, मग उठली आणि दारात मुकादमाशेजारी मांडी ठोकून आडवी बसली. ओरडली नाही, रुसली नाही.

"आई, बाबा, सोमवारपासून मी आणि मुकादम शाळेत चालत जाणार. दप्तर माझ्या पाठीवर, गाडी घरात. आणि बाबा, अगदीच राहवलं नाही तर तुम्हीही चालत या. पण वीस पावलं मागे!"